ग्रंथालयातला खून, पुस्तकांच्या दुकानातला तपास

रहस्यकादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पावसाळी रात्र, निर्जन बंगला, पिस्तूल आणि अंधारात दिसेनाशी होणारी मोटार उभी राहते. इंग्रजीत मात्र गेल्या चाळीसेक वर्षांत रहस्यकथेची एक निराळीच शाखा बहरली आहे. तिच्यात खून होतो, पण रक्ताची वर्णने नसतात. खुनी सापडतो, पण त्याला शोधणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते. आणि प्रेत कित्येकदा अशा ठिकाणी आढळते, जिथे मोठ्याने बोलायलाही मनाई असते. या शाखेला ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. ‘कोझी’ म्हणजे ऊबदार, सुखावह. किटलीतला चहा गार होऊ नये म्हणून तिच्यावर घालतात त्या कापडी टोपीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि या कादंबऱ्यांत चहा किती प्यायला जातो हे पाहता तो योगायोग गमतीचा वाटतो.

या शाखेचे संकेत ठरलेले आहेत. गाव लहान असावे आणि सगळे एकमेकांना ओळखत असावेत. तपास करणारी व्यक्ती, बहुधा एखादी स्त्री, स्वतःचा काही व्यवसाय करणारी असावी. हिंसा पडद्याआड घडावी, शृंगार सूचक असावा, शिवीगाळ नसावी. शेवटी गुन्हेगार सापडून गावाची घडी पुन्हा बसावी. नायिका कोणी बेकरी चालवते, कोणी लोकरीचे दुकान, कोणी फुलांचे. पण या सगळ्या व्यवसायांत वाचकांनी सर्वाधिक जीव लावला तो दोन ठिकाणांना, ग्रंथालयाला आणि पुस्तकांच्या दुकानाला. पुस्तके आवडणाऱ्यांना पुस्तकांविषयीची पुस्तके आवडतात, हे त्याचे सोपे उत्तर आहे आणि ते खोटेही नाही. ते अपुरे मात्र आहे.

कर्नलच्या घरातली लायब्ररी

या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध शीर्षक अगाथा ख्रिस्तीचे. ‘द बॉडी इन द लायब्ररी’ ही मिस मार्पलची कादंबरी १९४२ साली प्रसिद्ध झाली. ‘लायब्ररी’ या शब्दाने मराठी वाचकाची येथे हमखास फसगत होते. ही सार्वजनिक लायब्ररी नव्हे. सेंट मेरी मीड गावाजवळच्या गॉसिंग्टन हॉल या घरातली, कर्नल बँट्री आणि त्यांच्या पत्नी डॉली यांची ती पुस्तकांची खोली आहे. सकाळी मोलकरीण धावत येऊन सांगते की लायब्ररीत प्रेत आहे. डॉलीबाईंना आपण स्वप्नात आहोत असे वाटते, आणि कर्नलसाहेब तर बायकोने रात्री वाचलेल्या गुप्तहेरकथेचा हा परिणाम असल्याचे सांगून पुन्हा झोपू पाहतात.

ही ख्रिस्तीने जाणूनबुजून केलेली थट्टा होती. ‘लायब्ररीत सापडलेले प्रेत’ हा प्रकार तोवर इंग्रजी रहस्यकथेत इतका घासून गुळगुळीत झाला होता, की १९३६ सालच्या ‘कार्ड्स ऑन द टेबल’मध्ये तिने आपल्या काल्पनिक लेखिकेच्या, ॲरिअॅडनी ऑलिव्हरच्या नावावर याच शीर्षकाची कादंबरी टाकून दिली होती. पुढे त्याच शिळ्या कल्पनेवर आपणच लिहायचे तिने ठरवले. त्यामागचा विचार तिने प्रस्तावनेत सांगितला आहे: लायब्ररी अगदी रूढ, प्रतिष्ठित आणि कंटाळवाणी असावी, आणि प्रेत मात्र तिथे कधीच शोभणार नाही असे असावे. म्हणून चामड्याच्या खुर्च्या, पिढीजात पुस्तके आणि जुने गालिचे असलेल्या त्या खोलीत भडक रंगरंगोटी केलेली, चमचमत्या पोशाखातली एक अनोळखी तरुणी मरून पडलेली असते.

त्या काळच्या इंग्रजी कादंबरीतली लायब्ररी ही मालकाची खोली आहे. मृत्युपत्र तिथे वाचले जाते, वारसदार तिथे भांडतात, आणि संशयितांची यादी घरात उतरलेल्या पाहुण्यांपुरती राहते. पुस्तके तिथे शोभेला असतात. ती कोणी वाचते असे सहसा दिसत नाही.

ज्यांनी या कादंबऱ्या वाचल्या त्यांच्याकडे अर्थातच अशा खोल्या नव्हत्या. ते सामान्य नोकरदार होते आणि पुस्तके भाड्याने आणत होते. इंग्लंडमधील बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीने १८९८ पासून आपल्या दुकानांतून वर्गणीदार वाचनालय चालवले, ते १९६६ पर्यंत टिकले. १९३०च्या दशकात तर दोन पेन्समध्ये पुस्तक वाचायला देणारी छोटी वाचनालये गल्लोगल्ली निघाली. रहस्यकथेचे तथाकथित सुवर्णयुग त्यांच्यावरच पोसले गेले. मराठीतही फार वेगळे घडले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा, तो झुंजार आणि तो काळापहाड, घरोघरी पोचले ते मुख्यतः सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांच्या देवघेवीतून. प्रतिष्ठित ग्रंथसंग्रहालयांनी ज्या पुस्तकांकडे नाके मुरडली, त्यांनीच वाचकांच्या एका पिढीला वाचनाची गोडी लावली, हे मान्य करायला मराठी समीक्षेने बराच वेळ घेतला.

खोलीचे दार गावाला उघडते

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कथांमधली लायब्ररी घरातून बाहेर पडून गावच्या मालकीची झाली. हा बदल मुख्यतः अमेरिकेत घडला, आणि त्याला कारणही होते. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली, त्यांतली निम्म्याहून अधिक अमेरिकेत. लहानशा अमेरिकन गावात चर्च, पोस्ट आणि ग्रंथालय ही गावाची ओळख बनली. या चळवळीची झळाळी पाहूनच महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला वडोदऱ्यात आणले होते. पणजीचे आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२चे, म्हणजे कार्नेगीच्या जन्माआधीचे. ग्रंथालय हे गावाचे सामाईक अंगण असते, हे या वाचकवर्गाला नव्याने सांगावे लागू नये.

अंगण सामाईक झाले की कथेचे गणित बदलते. कर्नलच्या खोलीत कोण येऊ शकते याला मर्यादा होत्या. सार्वजनिक ग्रंथालयात निवृत्त न्यायाधीश येतो, शाळकरी मुलगा येतो, थंडीपासून आसरा घेणारा बेघर माणूसही येतो. संशयाचे वर्तुळ एकदम गावाएवढे होते, आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागी ग्रंथपाल बसलेला असतो. कोण काय वाचतो, कोणाला कशाची अचानक गरज पडली, कोणी सहा महिने पुस्तक परत केलेले नाही, हे त्याला ठाऊक असते.

जो डेरेस्की यांच्या हेल्मा झुकास या नायिकेत हे गुण ठळकपणे दिसतात. लेखिका स्वतः ग्रंथपाल होत्या. १९९४ साली आलेल्या ‘मिस झुकास अँड द लायब्ररी मर्डर्स’मध्ये ग्रंथालयाच्या कादंबरी विभागातच एका माणसाचे प्रेत सापडते. पोलीस चक्रावतात. मिस झुकास मात्र आयुष्यभर एकच काम करत आली आहे: जी वस्तू जिथे असायला हवी तिथे ती नसेल, तर ते तिच्या लगेच ध्यानात येते. ड्यूई दशांश पद्धतीत प्रत्येक विषयाला क्रमांक असतो. खुनालाही आहे, ३६४.१५२३. चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा असते, हे प्रत्येक ग्रंथपाल जाणतो. गुप्तहेराची नजर यापेक्षा फार वेगळी नसते. ग्रंथपाल आणि गुप्तहेर यांचे कसब एकच आहे, ही गोष्ट या कादंबऱ्या न बोलता सांगून जातात आणि वाचकाला पटवूनही देतात.

याच जातीच्या इतर मालिकांची नावे घेतली तरी यादी लांबते. शार्लेन हॅरिस यांची ग्रंथपाल नायिका ऑरोरा टीगार्डन १९९०च्या ‘रिअल मर्डर्स’मध्ये अवतरली. जेन मॅकिन्ली यांची मालिका कनेक्टिकट राज्यातल्या ब्रायर क्रीक या काल्पनिक गावी घडते. ‘मिरांडा जेम्स’ या नावाने लिहिणारे डीन जेम्स हे वस्तुतः पुरुष, ग्रंथपाल, आणि ह्यूस्टनमधील रहस्यकथांच्या प्रसिद्ध दुकानात काम केलेले गृहस्थ. त्यांच्या २०१०च्या ‘मर्डर पास्ट ड्यू’मध्ये नायकाबरोबर डीझेल नावाचा भलामोठा बोका ग्रंथालयात हिंडतो. या शाखेत मांजर जवळजवळ सक्तीचे आहे. शीर्षकांतल्या कोट्याही तशाच. मुदत उलटलेले पुस्तक, पुस्तकाची बांधणी, पानाची खूण, सगळ्यांवर खुनाचा श्लेष केलेला असतो. त्या मराठीत आणता येत नाहीत, आणि त्याचे फारसे दुःखही वाटू नये.

देवघेवीची नोंदवही

या सगळ्या हलक्याफुलक्या मामल्यात एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा येतो आणि तो हलका नाही. पोलीस अधिकारी देवघेवीच्या काउंटरशी उभा राहून विचारतो, ‘अमुक माणसाने गेल्या महिन्यात कोणती पुस्तके नेली?’ ग्रंथपालाला उत्तर माहीत असते. उत्तर दिले तर खुनी सापडण्याची शक्यता असते. तरीही हात नोंदींकडे जात नाही.

मराठी वाचकाला हा संकोच प्रथम विचित्र वाटेल. आपल्याकडे पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर आधीच्या सभासदांचे क्रमांक खुशाल वाचता येत. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने मात्र १९३९ सालच्या आचारसंहितेतच वाचकाविषयीची माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले, आणि पुढे तिथल्या बहुतेक राज्यांनी या नोंदींना कायद्याचे संरक्षण दिले. विषावरचे पुस्तक नेणारा प्रत्येक जण विष घालायला निघालेला नसतो. घटस्फोटाच्या कायद्याचे पुस्तक नेणाऱ्या स्त्रीची बातमी गावात फुटली, तर ती पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढणार नाही. चांगली कोझी कादंबरी हा पेच नायिकेच्या गळ्यात टाकते. माहिती आहे, पण ती देता येत नाही. मग तिला स्वतःच्या डोक्याने, गावात फिरून, माणसांशी बोलून तपास करावा लागतो. हौशी गुप्तहेराने पोलिसांच्या कामात का पडावे, या नेहमीच्या आक्षेपाला यापेक्षा चांगले उत्तर या शाखेला सापडलेले नाही.

‘सेव्हन’ हा १९९५ सालचा गाजलेला हॉलिवूडपट आठवून पाहावा. त्यात तपास अधिकारी सरकारी यंत्रणेतल्या ओळखीतून ग्रंथालयाच्या नोंदी गुपचूप मिळवतात आणि थेट खुन्याच्या दारात पोचतात. प्रेक्षकाला ती युक्ती वाटते. कोझी कादंबरीच्या जगात तोच प्रकार गुन्ह्याच्या खालोखाल मानला जाईल.

हा प्रश्न पुस्तकांपुरताही राहिला नाही. २००५ साली कनेक्टिकटमधील एका ग्रंथालय-जाळ्याला अमेरिकेच्या संघीय तपास यंत्रणेने वाचकांसंबंधीची माहिती मागणारे पत्र धाडले. ते पत्र आल्याचे कोणाला सांगण्यासही मनाई होती. चार ग्रंथपालांनी न्यायालयात धाव घेतली, आणि २००६ मध्ये ती तोंडबंदी उठली. ब्रायर क्रीकचे काल्पनिक ग्रंथालय त्याच राज्यात आहे. तिथल्या काउंटरमागची शांतता वाचताना हे लक्षात असलेले बरे.

दुकानदाराची पारख

पुस्तकांच्या दुकानातली रहस्यकथा थोडी वेगळ्या स्वभावाची. ग्रंथालयात पुस्तकाला किंमत नसते, मोल असते. दुकानात दोन्ही असतात, आणि मग खोटेपणाला वाव मिळतो. ख्रिस्तोफर मॉर्ली यांची १९१९ सालची ‘द हाँटेड बुकशॉप’ ही या प्रकारातली आद्य आणि अजूनही वाचनीय कादंबरी. ब्रुकलिनमधले जुन्या पुस्तकांचे दुकान, रॉजर मिफ्लिन हा बोलघेवडा मालक, आणि कार्लाइलने संपादित केलेल्या क्रॉमवेलच्या पत्रांची एक प्रत, जी कपाटातून नाहीशी होते, परत येते, पुन्हा नाहीशी होते. नावात भुताटकी असली तरी दुकानात वावरणारी भुते म्हणजे थोर ग्रंथकारांची.

पुढे लॉरेन्स ब्लॉक यांनी बर्नी रोडनबार हा चोरच दुकानाच्या गल्ल्यावर बसवला. १९७९च्या कादंबरीत त्याला किपलिंगच्या एका दुर्मिळ पुस्तिकेची चोरी करावी लागते. जॉन डनिंग यांच्या १९९२च्या ‘बुक्ड टू डाय’मध्ये डेन्व्हरचा पोलीस नोकरी सोडून दुकान थाटतो. पहिली आवृत्ती कशी ओळखावी, वेष्टन नसले तर किंमत किती उतरते, याचे धडे त्यात ठिकठिकाणी आहेत. ही कादंबरी कोझी नव्हे, ती चांगलीच उग्र आहे, पण दुकानाचे व्यवहार समजून घ्यायला तिच्याइतकी उपयुक्त दुसरी नाही.

या कथांमागे एक खरी घटना उभी आहे, आणि ती कोणत्याही कादंबरीहून सरस आहे. १९३४ साली लंडनच्या ग्रंथव्यवसायातल्या जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुणांनी एकोणिसाव्या शतकातल्या काही पुस्तिकांची चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. नामवंत कवींच्या या पुस्तिका, त्यांत एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची १८४७ साल छापलेली प्रत, संग्राहक मोठ्या किमतीला घेत होते. दोघांनी कागद तपासायला दिला. त्यात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा निघाला, जो १८४७ साली कागदाच्या गिरणीत पोचलेलाच नव्हता. मग त्यांनी टाइपाकडे पाहिले. ‘एफ’ आणि ‘जे’ या अक्षरांचा घाट उत्तरकालीन होता, आणि प्रश्नचिन्ह दुसऱ्याच साच्यातले मिसळले होते. त्या प्रश्नचिन्हाच्या आधाराने ते छापखान्यापर्यंत पोचले. ग्रंथात बनावट करणाऱ्याचे नाव थेट घातलेले नाही, पण सगळे धागे थॉमस जेम्स वाइज यांच्याकडे जात होते. वाइज हे त्या काळातले इंग्लंडमधले सर्वांत मान्यवर ग्रंथसूचीकार. १९३७ साली त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. १९५०च्या दशकात डेव्हिड फॉक्सन या ग्रंथपालाने आणखी एक गोष्ट उघड केली. म्युझियममधल्या जुन्या नाटकांच्या प्रतींतून फाडलेली पाने वाइज यांनी आपल्या आणि इतरांना विकलेल्या अपुऱ्या प्रती पुऱ्या करण्यासाठी वापरली होती. फाटलेल्या कडा एकमेकींशी जुळल्या.

येथे प्रेत नाही, पिस्तूल नाही. दोन ग्रंथविक्रेते, एक ग्रंथपाल, कागदाचा तंतू आणि एक प्रश्नचिन्ह एवढ्यावर सारा तपास झाला. दुकानातल्या कोझी कथा ज्या प्रकारच्या आनंदाच्या मागे असतात तो हाच.

टाळे कोणाला लागणार?

कोझी कथांवरचे आक्षेप जुने आहेत. खुनाला कोड्याचे रूप देऊन त्यातली वेदनाच काढून टाकली जाते, ही रेमंड चँडलर यांची १९४४ सालची टीका आजही लागू पडते. एकाच चिमुकल्या गावात दरवर्षी तीन खून होतात आणि घरांच्या किमती मात्र उतरत नाहीत, यावर हसणे साहजिक आहे. मालिका लांबली की पात्रे पातळ होतात, हेही खरे.

तरीही वाचक परततो. कारण या कादंबऱ्यांत जीव टांगणीला लागतो तो बहुधा मेलेल्या माणसासाठी नव्हे. मेलेला माणूस पुष्कळदा खडूस असतो, आणि त्याच्या मृत्यूने गावाला हायसेच वाटते. वाचकाला धाकधूक असते ती त्या वास्तूची. नगरपालिका अनुदान कापणार आहे, मालकाला जागा विकायची आहे, बदनामीने गिऱ्हाईक तुटत आहे. खुनी सापडला नाही तर दुकानाला टाळे लागेल.

ही भीती लेखकांनी कल्पनेतून काढलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये डिलिस विन यांनी १९७२ साली ‘मर्डर इंक’ हे केवळ रहस्यकथा विकणारे दुकान उघडले. असे अमेरिकेतले ते पहिले मानले जाते. त्याच्या पाठोपाठ अशी दुकाने अनेक शहरांत निघाली, आणि कॅरोलिन हार्ट यांनी १९८७च्या ‘डेथ ऑन डिमांड’मध्ये तसेच दुकान दक्षिण कॅरोलायनाच्या एका बेटावर कल्पिले. त्यात दर महिन्याला रहस्यकथांतील प्रसंगांची चित्रे टांगतात आणि ग्राहकांनी पुस्तके ओळखायची असतात. कादंबरीतले दुकान पुढे अनेक वर्षे चालले. खरे ‘मर्डर इंक’ २००६च्या अखेरीस बंद झाले.

ब्रिटनमध्ये तर शेकडो सार्वजनिक ग्रंथालये गेल्या दीड दशकात बंद पडली. इयन सॅन्सम यांनी ‘द केस ऑफ द मिसिंग बुक्स’मध्ये ही कथा त्याआधीच सांगून टाकली होती. लंडनहून आलेला इस्रायल आर्मस्ट्राँग हा गबाळा, शाकाहारी ग्रंथपाल उत्तर आयर्लंडमधल्या टमड्रम गावी नोकरीवर रुजू व्हायला येतो, तर ग्रंथालय बंद झालेले असते. त्याऐवजी त्याला एक मोडकी फिरती गाडी मिळते, आणि पंधरा हजार पुस्तके बेपत्ता असल्याचे कळते. खून नाहीच. गुन्हा फक्त एवढा, की गावाची पुस्तके कोणी तरी नेली. गावकरी इस्रायलशी तुसडेपणाने वागतात, पण कोणाच्या घरात काय दडले आहे हे उलगडत जाते, तसतसे हसू आणि हळहळ एकत्र येऊ लागतात.

जपानमध्ये एन मिकामी यांनी २०११ पासून लिहिलेली बिब्लिया ग्रंथदुकानाची मालिका याच वळणाची आहे. कामाकुरातले जुन्या पुस्तकांचे दुकान, रुग्णालयाच्या खाटेवरून केवळ प्रत हाताळून तिचा इतिहास सांगणारी लाजाळू मालकीण शिओरिको, आणि लहानपणच्या एका प्रसंगामुळे पुस्तक वाचूच न शकणारा तिचा तरुण मदतनीस. पहिले रहस्य नात्सुमे सोसेकी यांच्या ग्रंथातल्या एका सहीभोवती फिरते. ती सही खरी की खोटी, यापेक्षा ती तिथे कोणी आणि का केली, हे महत्त्वाचे ठरते.

सुरुवात करणाऱ्याने ख्रिस्तीपासून करावी. ‘लायब्ररी’ या शब्दावरची थट्टा कळली की पुढच्या मालिकांची गंमत दुणावते. मॉर्लीच्या बाबतीत आधी १९१७ची ‘पार्नासस ऑन व्हील्स’ वाचावी, कारण मिफ्लिनची ओळख तिथे होते. अमेरिकन मालिका पहिल्या पुस्तकापासून क्रमाने घ्याव्यात, नाहीतर आधीचा खुनी कोण हे पुढच्या भागात सहज बोलण्याच्या ओघात कळून जाते. आणि वाचनालयातून प्रत आणायची असेल, तर घरी नेण्यापूर्वी शेवटची पाने शाबूत आहेत ना, आणि पहिल्या पानावर आधीच्या एखाद्या परोपकारी सभासदाने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले नाही ना, हे पाहून घ्यावे. दुसरी तपासणी ग्रंथपालाकडून करवून घेतलेली बरी.